जागा भरपूर आहे

"अहो, दोन तरी घ्या अजून," म्हणत सासऱ्यांनी माझ्या ताटात नववा आणि दहावा अनारसा ठेवला. मी त्या वेळी त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या टेबलाकडे बघत होतो. टेबलावर कॉम्प्युटर होता. पोट भरलेल्या जावयाला हात साफ करायला काहीतरी लागतं, ते मला तिथे दिसलं.

धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, ओवाळायचं, दिवा द्यायचा आणि तो जे बोलेल त्याला माना डोलवायच्या. माझ्या लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. देवपदाचा अनुभव शून्य. पण काही गोष्टी माणसाला शिकवाव्या लागत नाहीत, तसं मला ते फार लवकर जमून गेलं.

सासरवाडी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नाव सांगत नाही, अजून तिथे जेवायला जायचं असतं. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले, बोलके आणि हौशी. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. त्यामुळे अर्धं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. आणि मी कोण, तर पुण्यातला कॉम्प्युटर इंजिनीअर. प्रत्यक्षात मी एका कंपनीत तक्त्यांमधल्या चौकोनांत हिरवा आणि लाल रंग भरायचो. पण सासरवाडीत असले तपशील कोण सांगत बसतं?

"बाबा, मशीन नवीन घेतलं वाटतं," मी म्हणालो.

"मशीन जुनंच आहे. त्यात ती रॅम की काय, ती नवीन घातलीय. बत्तीस म्हणे. हिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून परवा बसवून दिली."

"बत्तीस जीबी!" मी मोठ्यांदा हसलो. "अहो, आमच्या ऑफिसात नाही एवढी. करायचंय काय एवढ्या रॅमचं? पाककृती बघायला?"

सासरेही हसले. माझी बायको रेवती हसली नाही. सासूबाई तुपाची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या होत्या. तूप वाढत त्या म्हणाल्या, "बारवेचं काम आहे."

"वा, वा," मी म्हणालो आणि अनारसा मोडला.

बारवेचं प्रकरण मला रेवतीनं येताना गाडीत तासभर सांगितलं होतं. म्हणजे ती सांगत होती आणि मी 'हं' म्हणत होतो. गावाच्या मधोमध एक जुनी पायऱ्यांची विहीर होती, गळ्यापर्यंत कचऱ्यानं भरलेली. त्या उन्हाळ्यात सासूबाई आणि त्यांचे वीस-पंचवीस विद्यार्थी घमेली घेऊन तिच्यात उतरले. दोन महिने गाळ उपसला. खाली काय सापडलं, तर टप्पे, कोनाडे आणि कोरीव खांब. सासूबाईंनी उसना कॅमेरा घेऊन प्रत्येक दगडाचे फोटो काढले, दोन हजार एकशे चाळीस. एक प्रोग्रॅम असा असतो की तो हे सगळे फोटो एकमेकांना जोडून पूर्ण बारव कॉम्प्युटरवर उभी करतो, मापांसकट. ते त्यांना हवं होतं. कारण नगरपालिकेच्या लेखी तिथे बारव नव्हतीच. तिथे 'पडीक खड्डा' होता आणि तो बुजवून गाड्या लावायला जागा करायचा ठराव सोमवारी अकरा वाजता समितीपुढे यायचा होता. बाईंना बोलायला दहा मिनिटं दिली होती. तोवर बारवेत पाणीही भरलं होतं, म्हणजे कोणाला नेऊन खाली दाखवायची सोय उरली नव्हती. जे काय दाखवायचं ते कॉम्प्युटरवर.

हे सगळं मला माहीत होतं, बरं का. माहीत असूनही मी हात धुतले, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलो. शनिवार होता, दुपारचे अडीच वाजले होते.

"जरा बघतो नीट लावलंय का सगळं. गावातले हे दुकानवाले काहीही करून ठेवतात."

"बघा, बघा," सासरे म्हणाले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. तोंडात सुपारी, चेहऱ्यावर कौतुक.

आत शिरलो आणि मला घबाडच मिळालं. व्हर्च्युअल मेमरीची फाईल, शंभर जीबीची! आता ही काय भानगड, ते सांगतो. कॉम्प्युटरला रॅम कमी पडली तर डिस्कवरचा एक तुकडा बाजूला ठेवलेला असतो, तिथे तो आपलं सामान टाकतो. गरिबाघरची सोय, असं आपलं माझं मत. बत्तीस जीबीच्या श्रीमंताला तिची गरज काय?

"हे बघा बाबा, हा अडाणीपणा. एवढी रॅम असताना डिस्कवर शंभर जीबी अडवून ठेवलेत. याच्यानं मशीन मंदावतं. कोणी केलं हे?"

"इरफाननं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "माझाच विद्यार्थी. त्याचं स्टँडजवळ दुकान आहे. उपेंद्रराव, त्यानं ती मुद्दाम ठेवलीय. शेवटच्या टप्प्याला लागते म्हणाला."

"आई, रॅम नसेल त्याला लागते. तुमच्याकडे जागा भरपूर आहे."

"आपला ओटाही मोठा आहे," त्या म्हणाल्या. " पण परवा अनारसे करायला घेतले, तर शेवटी खाली चटई पसरावीच लागली."

यावर मी हसलो. नुसता हसलो नाही, मान मागे टाकून हसलो. "आई, अनारसे आणि कॉम्प्युटर यांत थोडा फरक असतो हो!"

"अगं, त्यांना कळतं," सासरे म्हणाले. "इंजिनीअर आहेत ते. तू आपली सुपारी आण."

सासूबाईंनी रेवतीकडे पाहिलं. रेवतीनं अगदी जराशी मान हलवली, नको म्हणाल्यासारखी. सासूबाई सुपारी आणायला गेल्या.

मी खटाखट क्लिक केलं. फाईल काढून टाकायला सांगितल्यावर कॉम्प्युटरनं एक चौकट दाखवून विचारलं की असं केल्यानं अडचण येऊ शकते, पुढे जायचं का? त्या घरात मला सरळ तोंडावर अडवणारा तो एकटाच. तो काही सासरचा नव्हता ना! मी 'होय' दाबलं आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

साडेतीन वाजता सासूबाई वही घेऊन कामाला बसल्या. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो, आपल्या कर्तबगारीचं फळ बघायला. वहीच्या पानावर कोणाच्या तरी बारीक अक्षरात प्रोग्रॅम कसा चालवायचा ते ओळीनं लिहिलं होतं. त्यांचं बोट एका ओळीवर बराच वेळ थांबलं.

"उपेंद्रराव, ती फाईल परत ठेवता येईल का? मशीन मंद चाललं तरी चालेल मला."

"माझ्यावर विश्वास नाही का आई?"

आता यावर कोणती सासू काय बोलणार होती? आणि तेही धोंड्याच्या महिन्यात! रेवती आतून पटकन म्हणाली, "आई, राहू दे ना." सासूबाईंनी वही मिटली आणि काम सुरू केलं. पडद्यावर आलं, अंदाजे छत्तीस तास. म्हणजे सोमवारी पहाटे काम उरकणार आणि अकराला सभा. "आरामात," मी म्हणालो.

रविवारी दुपारपर्यंत मी त्या घरातला सर्वांत सुखी माणूस होतो. टक्के वाढत होते. पन्नास झाले, साठ झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासरे सांगत होते, "जावईबापूंनी मशीनच बदलून टाकलं!" शेजारच्या काकूंनी त्यांचा मोबाइल आणून दिला, तोही मी 'बघितला'. त्यानंतर तो चालला की नाही, माहीत नाही.

पाच वाजता आम्ही चहा घेत होतो. पडद्यावर एकाहत्तर टक्के होते. अचानक एक चौकट आली. मेमरी अपुरी आहे, प्रोग्रॅम बंद करावा लागेल. आणि तो बंद झाला. खटकन झाला, धडपड नाही की काही नाही. मागे सासूबाईंनी लावलेला सूर्यफुलांचा फोटो तेवढा राहिला.

सासऱ्यांच्या बशीतला चहा तसाच होता.

"असं कसं?" मी ताडकन उठलो. "अपुरी कशी? शक्यच नाही." मी चौकटी उघडल्या, आकडे काढले. चुकी मशीनची होती, प्रोग्रॅमची होती, वीजमंडळाची होती, माझी सोडून सगळ्या जगाची होती. "हे बघा, प्रोग्रॅम बंद झाला त्या वेळची नोंद. नऊ जीबी रिकामी होती. नऊ! ही अपुरी?"

"इरफानला बोलावते," सासूबाई म्हणाल्या.

इरफान दहा मिनिटांत आला. तिशीतला, अंगानं बारीक माणूस. चप्पल बाहेर काढून, "नमस्कार, बाई" म्हणत आत आला. त्यानं सेटिंग उघडलं आणि बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला तो एक शब्द जरी टाकून बोलला असता ना, तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं. पण त्यानं आवाज खाली आणला.

"साहेब, ते नऊ जीबी रिकामं दिसतं, पण ते आधीच देऊन झालेलं असतं. प्रोग्रॅम आधी बोलून ठेवतो, मला पुढे एवढी जागा लागेल म्हणून. विंडोज हो म्हणतं, पण मागे ती फाईल असेल तरच म्हणतं. लागो न लागो, फाईल मागे असावी लागते. ती नसली की मग नाही म्हणतं. आणि हा प्रोग्रॅम शेवटी शेवटी फार मागतो."

म्हणजे ओटा आणि चटई. मी हसलो होतो ते.

"आता पुन्हा लावलं तर?" रेवतीनं विचारलं.

"छत्तीस तास, ताई. मंगळवार सकाळ होईल. मधलं काहीच सेव्ह झालेलं नाही." इरफाननं वहीतलं ते पान उलटलं. मला आता दिसलं की ती ओळ लाल पेननं लिहिली होती. 'रॅम भरपूर असली तरी ही फाईल काढू नये.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

इरफान गेला. सासरे एकाएकी देवघरातली समई पुसायला निघून गेले, त्या वेळी समई पुसायची काही गरज नव्हती. मी आणि सासूबाई त्या सूर्यफुलांसमोर बसलो होतो. रेवती उंबऱ्यात उभी होती.

"आई, तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग मला थांबवलं का नाही? ओरडायचं होतं माझ्यावर!"

"दोनदा सांगितलं."

"तिसऱ्यांदा सांगायचं! फार फार तर काय, अपमान झाला असता माझा. झाला असता तर झाला असता!"

सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ होता.

"तो अपमान घेऊन तुम्ही मंगळवारी पुण्याला गेला असता. तुमच्याबरोबर रेवती गेली असती. माझ्या दारात मुकाट्यानं गिळलेला अपमान तिकडे दार लावल्यावर कोणावर निघतो, ते मला माहीत आहे. तीस वर्षं पालकसभा घेतल्यात मी. पोरांच्या आयांचे चेहरे बघितलेत."

"मी तसा नाही, आई."

"नसाल. पण मला कसं कळणार? सात महिन्यांत माणूस किती कळतो? बारवेला मी आहे, गाव आहे. तिला तिथे कोण आहे? तुम्हीच ना?"

मी रेवतीकडे बघितलं. ती म्हणेल, काहीतरीच काय आई, हे तसे नाहीत मुळी, अशी माझी खात्री होती. पण तिनं खाली बघितलं.

माझी मान शरमेनं खाली गेली. आयुष्यात त्यापूर्वी तसं कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या बायकोला माझी भीती वाटते, हे मला सासरवाडीच्या बैठकीत एका बंद पडलेल्या प्रोग्रॅमसमोर कळलं. त्या सात महिन्यांत मी कशाकशाला 'तुला काय कळतं' म्हणालो होतो, ते सगळं एकेक करून आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्यांपासून तिच्या नोकरीच्या अर्जापर्यंत.

सोमवारी मी सासूबाईंना गाडीतून नगरपालिकेत घेऊन गेलो. मनाशी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की चूक माझी आहे, दोन दिवस द्या. एवढं तरी करायचं. रात्रभर मी ते भाषण पाठ केलं होतं.

समितीचे सभापती म्हणजे पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. त्यांनी सासूबाईंचे फोटो पत्ते पिसावेत तसे उलटले.

"बाई, यात तर दगड आणि चिखल दिसतोय. अख्खी विहीर कुठाय?"

"अख्खी परवा दाखवते. काम आज पुन्हा लावतेय."

"परवाचं काय घेऊन बसलात? विषय आज आहे ना?"

मी उठलो. "साहेब, एक मिनिट. यात बाईंची काही चूक नाही. काम आजपर्यंत झालंच असतं. ते बंद पडलं माझ्यामुळे."

"आपण कोण?"

"मी... जावई. यांचा."

सभापतींचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही मोबाइल टेबलावर ठेवून ते अर्धे उठले. "अरे, जावईबापू! आमच्या बाईंचे जावई म्हणजे गावाचे जावई! आणि तेही धोंड्याच्या महिन्यात! बसा, बसा. अरे, खुर्ची द्या त्यांना, पंख्याखालची. चहा सांगा. आणि नारळ आहे का बघा रे."

"साहेब, मला म्हणायचं होतं की दोन दिवस जर..."

"सगळं होईल हो. आधी चहा घ्या. पुण्याला असता का? कुठल्या कंपनीत?"

मी कंपनीचं नाव सांगत होतो, तेवढ्यात मागे कोणीतरी ठराव वाचला. चहा आला. कोणीतरी 'मंजूर' म्हणालं. दुसऱ्या कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला आणि टाळ्याही पडल्या. चार मिनिटांत सगळं आटोपलं. सासूबाईंनी फोटो गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि पिशवीत ठेवले. त्यांच्या दहा मिनिटांतली सहा तशीच शिल्लक होती.

मी रजा वाढवली. इरफानच्या दुकानात जाऊन त्याच्याकडून ती शंभर जीबीची फाईल कशी ठेवायची ते शिकून आलो, माझ्या हातानं ठेवली आणि त्याच दुपारी काम पुन्हा लावलं. मंगळवारी जाणार होतो तो राहिलो. बुधवारी पहाटे काम पूर्ण झालं. सासूबाईंनी मला उठवलं नाही, मीच जागा झालो. बाहेर आलो तर चौघांपैकी मीच शेवटचा होतो.

पडद्यावर बारव फिरत होती. वरून बघितली तर चौकोनी, आत सात टप्पे, चारही बाजूंनी खाली उतरणाऱ्या पायऱ्या. प्रत्येक टप्प्यावर कोनाडे, तळाशी खांबांची ओवरी. दगडावरची वेलबुट्टी मोजता येत होती. सासूबाईंनी पेनाचं टोक पडद्याला लावून पायऱ्या मोजल्या, एकशे अठरा. मग आपल्या वहीत लिहिल्या. सासरे म्हणाले, "अगं, एवढी सुंदर होती का ही?" ते त्या गावात चाळीस वर्षं राहत होते. त्यांनी डोळे पुसले आणि कोणी बघू नये म्हणून समई पुसायला गेले.

त्या चित्रासकट सासूबाईंनी अर्ज केले, वर केले, त्याच्याही वर केले. दिवाळीनंतर डंपर आले. बारव बुजवायला त्यांना आठवडाही लागला नाही.

आता मी सुधारलो का, असं तुम्ही विचाराल. ते रेवतीला विचारा. ती आता बोलते. चांगली बोलते, कधी कधी जरा जास्तच बोलते. घरात काहीही बिघडलं की मी आधी विचारतो, ही वस्तू कोणाची? मग हात लावतो. बहुतेक वेळा लावतच नाही.

त्यानंतरही धोंड्याचे महिने आले. मी प्रत्येकाला गेलो. सासरवाडीची गल्ली अरुंद आहे, गाडी आत जात नाही. म्हणून ती मला नगरपालिकेच्या वाहनतळावर लावावी लागते. तिथे निळी पाटी आहे, पिवळे पट्टे मारलेले आहेत. मी दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी लावतो, हँडब्रेक ओढतो आणि उतरताना पाय जरा जपून टाकतो. खाली एकशे अठरा पायऱ्या आहेत, हे मला माहीत असतं.

गेल्या खेपेला दारात पोचलो, तर सासूबाई ताम्हन घेऊन उभ्याच होत्या. केस पांढरे झालेत, पाठीत थोड्या वाकल्यात, पण चष्म्यामागचे डोळे तेच.

"गाडी कुठे लावलीत?"

दर वेळी विचारतात.

"तिथेच, आई."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "तिथे जागा भरपूर आहे."